१८ व्या वर्षी थेट मोठ्यांत उतरवला, शिकागोनं बेडार्डच्या बाबतीत घाई केली का?

कृष्णाकाठ (सांगली)
मावसभाऊ शिकागोजवळ राहतो, त्याच्या नादानं मला आइस हॉकी लागली, तिकडची संध्याकाळची मॅच म्हणजे आपल्याकडं सकाळचे सहा-साडेसहा, चहा घेत बघतो. मुद्दा कॉनर बेडार्डचा. नॉर्थ व्हँकुव्हरचा फॉरवर्ड, उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे त्या खेळात बारकाच. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवी पोरं निवडतात ते) शिकागो ब्लॅकहॉक्सनं पहिल्या नंबरवर उचलला आणि ऑक्टोबरमध्ये लगेच एनएचएलमध्ये (तिकडची सगळ्यात मोठी लीग), पहिलीच मॅच पिट्सबर्गला दिग्गज सिडनी क्रॉसबीसमोर.

माझं मत, घाई केली. सोबत कोण होतं त्याच्या? टेलर हॉलला अनुभवी जोडीदार म्हणून आणलेला, तो नोव्हेंबरमध्येच गुडघा घेऊन बसला, कोरी पेरीचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपवलं. मग सगळी टीम या पोराच्या पाठीवर. ५ जानेवारी २०२४ ला न्यू जर्सीविरुद्ध पक (खेळायची रबरी चकती) घेऊन आत घुसताना धडक बसली, जबडा मोडला, १४ मॅच बाहेर. टीमनं ८२ पैकी २३ जिंकल्या. त्याचं प्लस-मायनस उणे ४४, म्हणजे तो बर्फावर असताना टीमनं जेवढे गोल केले त्यापेक्षा ४४ जास्त खाल्ले (पॉवर-प्लेचे, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेला बाहेर असतानाचे, यात धरत नाहीत). एक वर्ष थांबवायला काय हरकत होती?

अजिंक्यतारा (सातारा)
अजिबात पटलं नाही. थांबवायचं कुठं ते सांगा की आधी. रेजायना टीमकडून ज्युनियरमध्ये शेवटच्या सीझनला ५७ मॅचमध्ये ७१ गोल, १४३ पॉइंट्स (स्वतःचे गोल अधिक गोलसाठी दिलेले पास) केलेत त्यानं. ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ७ मॅचला २३ पॉइंट्स. अजून एक वर्ष तिथंच ठेवून काय शिकणार होता, लहान पोरांना हरवायला? आणि तुम्ही नियम विसरताय, कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून ड्राफ्ट झालेला १८ वर्षांचा पोरगा मधल्या एएचएल लीगमध्ये पाठवताच येत नव्हता. एक तर परत ज्युनियर, नाहीतर डायरेक्ट एनएचएल. मधली पायरीच नव्हती तर टीमनं काय करायचं?

जबडा मोडूनसुद्धा ६८ मॅचमध्ये ६१ पॉइंट्स आणि नवोदितांची काल्डर ट्रॉफी. आपल्या साताऱ्याची तिरंदाज आदिती स्वामी १७ व्या वर्षी बर्लिनला सिनियर वर्ल्ड चॅम्पियन झाली २०२३ ला, फायनल १४९-१४७. तिला कुणी म्हणालं असतं का, बाळा थांब अजून?

कृष्णाकाठ (सांगली)
आदितीचा अभिमान मलाही आहे हो, पण तिरंदाजीत समोरचा ९५ किलोचा माणूस येऊन छातीवर आदळत नाही. माझा सगळा मुद्दा अंगाचा आहे.

कराडचा_गडी
मी तालमीत वाढलोय म्हणून बोलतो. आमचे वस्ताद वय विचारायचे नाहीत, जोड बघायचे. पोरगं कितीबी तयार असू दे, मैदानात कुणाबरोबर जोड लावायची हे वस्तादाच्या हातात. आमच्याकडच्या एका पोराला एका गावच्या जत्रेत इनामापोटी मोठ्या पैलवानाबरोबर लावला, खांदा निखळला, बरा झाला पण परत तसा आत घुसून लढलाच नाही तो, दरवेळी आधी खांदा वाचवायचा. मला ते अजून खुपतं, कारण पोरगं हुशार होतं आणि चूक त्याची नव्हती.

त्यामुळं ज्युनियरला परत पाठवणं म्हणजे कमीपणा असं अजिंक्यतारा म्हणतायत ते चूक. लिऑन ड्रायसायटल बघा. २०१४ चा ड्राफ्ट, एडमंटननं लगेच खेळवला, ३७ मॅचमध्ये ९ पॉइंट्स, मग सीझन चालू असतानाच ज्युनियरला परत. तिथं केलोनाकडून मेमोरियल कपचा (ज्युनियरची मोठी स्पर्धा) सर्वोत्तम खेळाडू झाला आणि २०२० ला एनएचएलची हार्ट ट्रॉफी (सीझनच्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूची) घेतली.

अजिंक्यतारा (सातारा)
ड्रायसायटलला पॉइंट्स होत नव्हते म्हणून पाठवला. बेडार्ड टीममध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्स करत होता, त्याला कुठल्या तोंडानं परत पाठवणार? आणि घसरण झाली म्हणजे पोरगं वाया गेलं असं नसतं. नेथन मॅकिनन, कोलोराडो, पहिल्या सीझनला ६३ पॉइंट्स आणि काल्डर. पुढचे तीन सीझन ३८, ५२, ५३. तेव्हा पण लोक हेच म्हणत असणार. चौथ्यानंतर ९७! मग २०२२ ला स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद), २०२४ ला हार्ट.

मिरज_जंक्शन
मॅकिननचं उदाहरण बरोबर आहे पण अर्धंच. बेडार्डचा दुसरा सीझन ८२ मॅच ६७ पॉइंट्स, म्हणजे मॅचमागं पहिल्यापेक्षा कमीच, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोचला काढलं. फेस-ऑफ (दोघांच्या मधे पक टाकून खेळ सुरू करतात ते) जिंकायचं त्याचं प्रमाण ४० टक्क्यांखाली राहिलं, सेंटरच्या म्हणजे मधल्या जागेवर उभा राहून पकच मिळत नसेल तर पहिले काही सेकंद मागं पळण्यातच जातात. शॉट मारतो तेव्हा काठीचं पातं अंगाकडं ओढून कोन बदलतो, गोलीला कळतच नाही, असला हात असलेल्या पोराला विंगवर (कडेला) मोकळं सोडायचं सोडून सगळीकडं कशाला राबवायचं? मला अंगापेक्षा हरायची सवय लागायची भीती जास्त वाटते, कारण ती एक्स-रेत दिसत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
खरं सांगतो का विचारलं ते. माझी मुलगी १६ ची आहे, कबड्डी खेळते, चढाई चांगली आहे. गेल्या आठवड्यात सिनियर टीमकडून विचारणा आली. ती दोन दिवस नाचतीय घरात आणि मी रात्री जागा असतो. समोरच्या बाया २५-२६ च्या, पकड बसली की गुडघाच जातो.

अजिंक्यतारा (सातारा)
अहो मग आधी सांगायचं ना. तरी माझं मत तेच, पाठवा. ज्या पोरीला खालच्या गटात कुणी पकडू शकत नाही ती तिथं राहून चढाई विसरेल.

कराडचा_गडी
दादा, पाठवायची का नाही ते नंतर. आधी रविवारी त्यांच्या सरावाला जाऊन बसा, तिला सांगू नका. कोचनं तिला पहिल्या दिवशी कुणासमोर उभी केली, आणि ती पडल्यावर हात द्यायला कोण पुढं आलं, एवढं बघा आणि मग इथं लिहा.

कृष्णाकाठ (सांगली)
जातो. रविवारी सकाळी सात वाजता आहे सराव.