कॉलेज क्रॉस कंट्री : पहिले दहा अमेरिकन कसे ओळखायचे?

दांडियाबाजार_१०के
नोव्हेंबरातल्या एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन १, म्हणजे सर्वांत वरच्या गटाच्या क्रॉस कंट्री अजिंक्यपदासाठी बडोद्यातल्या आमच्या कमाटीबागेच्या धावणाऱ्यांच्या गटात अंदाजांचा सामना ठरलाय. मुलांच्या १० किमी शर्यतीतले पहिले दहा अमेरिकन क्रमाने लिहायचे. क्रम जितक्याने चुकेल तितके दंडगुण, आणि नाव दहाच्या बाहेर गेलं तर सरसकट १०. ट्रॅकवरच्या ५,००० आणि १०,००० मीटरच्या वेळा लावून यादी केली, पण जुन्या निकालांशी ताडून पाहिली तर निम्मी नावंही जुळत नाहीत. कोणत्या शर्यती धरायच्या, कोणत्या सोडायच्या? आणि अमेरिकन कोण, हे नक्की कुठे बघायचं?

अकोटा_स्पाइक्स
आधी दुसरा प्रश्न, कारण यादी तिथेच बिघडते. कॉलेजच्या पानावर गाव आणि हायस्कूल दिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. एडवर्ड चेसेरेक न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या शाळेत शिकला, पण २०१३ ते २०१५ सलग तीनदा हे अजिंक्यपद जिंकला तेव्हा तो केनियाचाच होता. २०२२चा विजेता चार्ल्स हिक्स फ्लोरिडातल्या शाळेतला, पण त्या वेळी ब्रिटनकडून धावायचा. म्हणजे त्या वर्षी दुसरा आलेला निको यंग तुमच्या यादीत पहिला आणि तिसरा आलेला ड्रू बॉस्ली दुसरा. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या संकेतस्थळावर खेळाडूच्या नावापुढे देश असतो, तो धरा.

आता वेळा. ट्रॅक सपाट असतो, पुढे वेग धरून देणारा असतो. क्रॉस कंट्रीत गवत, चढ, वळणं आणि सोबत २५४ जण. त्यामुळे कोण कोणाला एकाच दिवशी, एकाच मैदानावर हरवून आला, एवढंच मोजा. बहुतेकदा ऑक्टोबरात मॅडिसनला (विस्कॉन्सिन) होणारी नटीकोम्ब शर्यत पायाला धरा, कारण तिथे बलाढ्य संघ एकत्र येतात. ती ८ किमीची असते, म्हणून सेकंद जसेच्या तसे उचलू नका, टक्केवारी काढा. समजा विजेता २३:०० मध्ये आला, म्हणजे १,३८० सेकंद. तुमचा गडी २० सेकंद मागे, म्हणजे १.४५ टक्के. अजिंक्यपदात विजेता २८:४० धरला, तर तोच फरक २५ सेकंद होतो. हे टक्के एका रकान्यात भरा आणि त्यावरून क्रम लावा.

विभागीय फेरीला मात्र बलाढ्य संघांच्या बाबतीत शून्य वजन. ती अजिंक्यपदाच्या आठच दिवस आधी असते. नऊ विभागांतून पहिले दोन-दोन संघ थेट जातात, उरलेले १३ हंगामातल्या कामगिरीवर निवडले जातात. जागा पक्की असलेला संघ तिथे पाय राखून धावतो. निकालात एकाच संघाचे पाच जण सेकंदा-दोन सेकंदांत ओळीने आलेले दिसले, की समजा ते दमलेलेच नाहीत. याउलट ज्याचा संघ पात्र होणार नाही, त्याला तिथे जीव तोडून धावावंच लागतं. वैयक्तिक जागा फक्त ३८. अशा मुलाचा विभागीय निकाल पूर्ण वजनाने घ्या.

दांडियाबाजार_१०के
टक्केवारीचं पटलं. पण काही मुलं ऑक्टोबरात पुढे असतात आणि १० किमीला गळतात. ते आधी कसं ओळखायचं? आमच्या गटातल्या ताई मुलींची यादीही करणार आहेत, त्यांनाही हेच लागू का?

कारेलीबाग_६के
मुलींचं सोपं आहे. त्यांच्या मोठ्या शर्यती बहुतेक ६ किमीच्याच आणि अजिंक्यपदही ६ किमीचंच, त्यामुळे ऑक्टोबरचा क्रम बराचसा टिकतो. मुलांना शेवटच्या दोन शर्यतींत अचानक २ किमी जास्त पळावं लागतं आणि पहिल्या वर्षाची मुलं नेमकी तिथे मार खातात. शाळेत त्यांची सवय ५ किमीची असते. ज्याने आधी एकदाही १० किमी अजिंक्यपद पूर्ण केलेलं नाही, त्याला आलेल्या क्रमापेक्षा दोन-तीन जागा खालीच ठेवा.

गळणारा ओळखायचा तर मागच्या वर्षीच्या अजिंक्यपदाचे टप्प्यांचे क्रम उघडा. शेवटचा निकाल सगळे पाहतात, मधले टप्पे कोणी पाहत नाही. सुरुवातीला रांग रुंद असते, मग मार्ग अरुंद होतो, म्हणून पहिला किलोमीटर सगळेच जोर लावून पळतात. ३ किमीला ३५वा आणि शेवटी ९वा आलेला मुलगा मला ३ किमीला ५वा आणि शेवटी १४व्या जागेवर घसरलेल्यापेक्षा कधीही जास्त भरवशाचा वाटतो.

एक ठेच सांगून ठेवते. निकालपत्रात क्रमाचे दोन रकाने असू शकतात, एक सर्वांमधला आणि एक संघाच्या गुणांसाठीचा. दुसऱ्यात वैयक्तिक धावणाऱ्यांना वगळलेलं असतं. चुकून तो उचलला तर सगळे आकडे सरकतात.

अकोटा_स्पाइक्स
मैदानही बघा. मॅडिसनला चढ-उतार आहेत, टॅलाहासी (फ्लोरिडा) त्या मानाने सपाट. चढाच्या मैदानावर स्टीपलचेसवाल्यांना (अडथळे ओलांडत धावणाऱ्यांना) एखादी जागा वर द्या. आणि फ्लॅगस्टाफ (अ‍ॅरिझोना) साधारण २,१०० मीटर उंचीवर, प्रोव्हो (युटा) १,४०० वर. तिथल्या वेळा संथच येतात, तेव्हा फक्त क्रम घ्या.

तुमच्या दंडगुणांच्या नियमात एक खाच आहे. जो हमखास ५ ते ९ मध्ये येतो, त्याला ७वर ठेवलं तर दंड सरासरी १.२. जो दुसरा तरी येईल नाहीतर दहाच्या बाहेर जाईल, त्याचा दंड निम्म्या वेळा १०, म्हणजे सरासरी ५. म्हणून आधी भरवशाची सात-आठ नावं बसवा आणि बेभरवशाच्यांपैकी फार तर दोघे-तिघे घ्या. घ्याल त्याला मात्र वरच ठेवा, कारण बाहेर गेला तर दंड तेवढाच.

यादी अंतिम प्रवेशिका आल्यावरच बंद करा. प्रत्येक संघाचे सातच उतरतात आणि दुखापतीमुळे नाव बदललेलं तिथेच कळतं. अमेरिकेत तोवर घड्याळं मागे गेलेली असतात. मध्य भागातल्या मैदानावर सकाळी १० म्हणजे आपल्याकडे शनिवारी रात्री ९:३०, पूर्वेकडे असेल तर ८:३०.