डॉक्टरांचं पत्र जोडूनही भत्त्याचा अर्ज परत आला, आता काय?

रात्रपाळी:
मी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर असतो. संधिवाताच्या एक बाई दर वेळी अर्ध्याच गोळ्या नेतात. आजारपणाच्या भत्त्यासाठी अर्ज केला होता, तो 'माहिती अपुरी' म्हणून फेटाळला. डॉक्टरांचं पत्र जोडलेलं होतं. पुन्हा करा म्हटलं तर "भीक मागितल्यासारखं वाटतं" म्हणाल्या. मी यात किती पडावं?

जुनी फाइल:
पडा की. रुग्णालयात समाजसेवक म्हणून माझी सगळी वर्षं याच कागदांत गेली. आधी नकाराचं पत्र मागवून अपिलाची मुदत बघा. लोक ते पत्र घडी करून ठेवून देतात आणि मुदत टळते. अपील करायचं की नवा अर्ज, हेही विचारून घ्या. पुष्कळ योजनांत नवा अर्ज केला की मागची थकबाकी बुडते.

डॉक्टरांच्या पत्रात बहुधा "संधिवात, उपचार चालू" एवढंच असणार. त्यावर कारकून काय ठरवणार? बाईंना काय जमत नाही ते त्यात यायला हवं. बटण लागतं का? भरलेलं भांडं हातातून सुटतं का? सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो, आठवड्यातले किती दिवस असे जातात? "कशा आहात?" विचाराल तर "चाललंय" म्हणतील. म्हणून वाईट दिवसाबद्दल विचारा आणि सांगतील तसंच लिहा. फुगवू नका, पुढच्या तपासणीत ते अंगाशी येतं.

'भीक' या शब्दावर वाद घालत बसू नका. फॉर्म पुढे ठेवा आणि पहिला रकाना भरायला घ्या.

कोपऱ्यातला:
दवाखान्यात आता अर्जही भरायचे? डॉक्टरांना जेवायला फुरसत नसते.

जुनी फाइल:
डॉक्टरांनी भरा असं कुणी म्हटलं? बॉस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञ बॅरी झुकरमन यांनी १९९३ मध्ये रुग्णालयातच वकील आणले. दम्याची मुलं औषध घेऊन पुन्हा बुरशी लागलेल्या घरात जायची, तिथे औषध काय करणार? घरमालकाला दुरुस्ती करायला लावायला वकीलच हवा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या गरीब वस्त्यांतल्या काही दवाखान्यांत भत्त्यांची माहिती देणारे सल्लागार बसवले गेले. आजारी माणूस दवाखान्यात येतोच, चार कचेऱ्या हिंडायचं त्राण त्याच्यात नसतं.

रात्रपाळी:
नकाराचं पत्र आणलं बाईंनी. अपिलाला थोडे दिवस आहेत. डॉक्टरांसाठी मुद्दे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलेत.

जुनी फाइल:
छान. प्रत ठेवा आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कचेरीची खिडकी सोडू नका.