शेती आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराचा अभ्यास करणारे नेमकं काय काम करतात?

शिरोळचं_पोरगं:
शिवाजी विद्यापीठात एमए इकॉनॉमिक्स करतोय, घरी दोन एकर ऊस आहे. पुढं शेतमालाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात पीएचडी करायचं मनात आहे. घरी सांगितलं तर वडील म्हणाले ब्राझीलच्या साखरेचा अभ्यास करून आपल्या बिलाला काय फरक पडणार हाय? मला उत्तर देता आलं नाही. यात कोण असेल तर सांगा की, दिवसभर काय करता?

कागलकर:
भावा मी हेच करतो, बारा वर्षं झाली. वडलांना सांग, 2019 ला ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला भारताविरुद्ध डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेले, त्यात एक मोठा मुद्दा आपली एफआरपीच होती, म्हणजे सरकार ठरवतं तो उसाचा किमान दर. डिसेंबर 2021 ला तिथल्या पॅनेलचा निकाल आपल्या विरोधात गेला, म्हणे उसाच्या एकूण किमतीच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेवर आधार दिला. पण हिशोब कसा बघ, आजच्या सरकारी दरातनं 1986-88 चा ठरवून ठेवलेला दर वजा करायचा आणि येईल त्याला उसाच्या टनांनी गुणायचं. भारत म्हणत होता सरकार उसाला पैसे देतच नाही, कारखाना देतो, ते पॅनेलनं मानलं नाही. जानेवारी 2022 ला आपण अपील केलं, पण अपील ऐकायला डिसेंबर 2019 पासून पुरेसे मेंबरच नाहीत, त्यामुळं प्रकरण तसंच पडून आहे.

असले हिशोब तपासणं हेच आमचं काम. बाकी रोज न्यूयॉर्कचा कच्च्या साखरेचा दर बघतो, तो एका पौंड वजनाला किती सेंट असा असतो. समजा 20 सेंट आणि डॉलर 85 रुपये धरला तर क्विंटलला 3,750 च्या आसपास येतंय, त्यातनं जयगड बंदरापर्यंतचं भाडं, हमाली सगळं काढायचं आणि मग बघायचं कारखान्याला बाहेर विकणं परवडतंय का. आकडे साफ करण्यातच अर्धं आयुष्य जातं, तयारी ठेव.

रिटायर_अकाउंटंट:
मी एका कारखान्यात हिशोबाला होतो. 2021-22 ला देशातनं 110 लाख टनांच्या आसपास साखर बाहेर गेली, गोडाऊन रिकामं आणि बिलं वेळेत. 2023-24 ला निर्यात बंद. पोती थप्पीला लागली की बँकेचं व्याज चालू राहतंय आणि 14 दिवसांत बिल द्यायचा कायदा असूनही आमच्याकडं बिलं लांबली, शेतकरी काउंटरवर येऊन विचारायचे आणि आम्हाला मान वर करता यायची नाही. तुझ्या वडलांना हे सांग, त्यांना पटेल.

शिरोळचं_पोरगं:
काका, दादा, लै आभार. काल रात्री सगळं वाचून दाखवलं. वडलांनी एकच विचारलं, 1986 चा दर धरत्यात तर तवापासून डिझेल आणि युरिया किती वाढला ते बी धरत्यात काय?

कागलकर:
वडलांनी बरोबर नस पकडली बघ. डब्ल्यूटीओच्या शेती करारात कलम 18.4 आहे, जादा महागाईचा विचार करावा असं त्यात लिहिलंय, पण किती आणि कसा ते कुठंच नाही. गाईडकडं जाताना हाच प्रश्न घेऊन जा.