यंग मार्बल जायंट्स : एकच अल्बम, पुरेसा की अपुरा?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

वेल्समधल्या कार्डिफच्या या तिघांच्या बँडची कारकीर्द १९७८ ते १९८० एवढीच. स्टुअर्ट मॉक्सम गिटार आणि ऑर्गनवर, भाऊ फिलिप बेसवर, गायला ॲलिसन स्टॅटन. ड्रमर नाही. नात्यातल्या पीटर जॉइसने घरी बनवलेल्या यंत्राचा ताल कॅसेटवर भरायचा आणि त्यावर वाजवायचं. 'इज द वॉर ओव्हर?' या कार्डिफच्या बँडांच्या १९७९ च्या संकलनातून ते रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीच्या नजरेत आले. वेल्समधल्या फोएल स्टुडिओत पाच दिवसांत ध्वनिमुद्रण झालं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये 'कोलोसल यूथ' निघाला. वर्ष संपेपर्यंत बँड मोडला होता.

माझं म्हणणं असं की दुसरा अल्बम होणं शक्यच नव्हतं. अल्बमच्या या पंधरा तुकड्यांचं सगळं बळ वगळण्यात आहे. झांजा नाहीत, विकृत (डिस्टॉर्शनने खरखरीत) केलेली गिटार नाही, आवाजावर आवाज चढवलेले जवळजवळ नाहीतच. आणखी वगळायला गेलात तर गाणंच उरत नाही, आणि भर घातलीत तर तो दुसराच बँड होतो.

कोरी कॅसेट

साफ असहमत. तुम्हाला जी मर्यादेची भिंत वाटते ते दार होतं.

कॅसेटचा ताल ही तडजोड होती, पण अक्कलहुशारीने केलेली. साध्या कॅसेट यंत्राचा वेग दोनेक टक्क्यांनी सहज हलतो. टेपवर ऑर्गन किंवा बेस असता तर तेवढ्यात स्वर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने सरकला असता आणि रंगमंचावरची गिटार बेसूर वाटली असती. टेपवर फक्त टिकटिक आणि फुसफुस असेल तर मिनिटाला १२० ठोक्यांचे ११८ किंवा १२२ होतात, एवढंच. कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून स्वर माणसांकडे आणि ताल टेपकडे, ही वाटणी योग्यच होती.

अडचण वेगळी. टेप थांबत नाही. तालमालेवर (तबल्याचे ठेके वाजवणाऱ्या यंत्रावर) रियाज करणाऱ्यांना हे ठाऊक आहे : सम चुकली तर यंत्र वाट पाहत नाही, आपल्यालाच पुढचं आवर्तन पकडावं लागतं. पण यावर उपाय होता. १९८० साली पैसे मोजले की तयार ताल-यंत्रं मिळत होती, त्यांत सुरू-बंद बोटाखाली असायचं. एवढ्या बदलानेही दुसऱ्या अल्बमची वाट मोकळी झाली असती.

खर्जातला

तालाबद्दल दोघंही बोलताय, पण खरी किमया गिटार आणि बेसच्या अदलाबदलीत आहे. इथे बेस चाल सांगतो आणि गिटार ताल धरते.

करून बघायचं असेल तर उजव्या तळव्याची कड अगदी ब्रिजला (गिटारच्या पोटावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीला) टेकवा आणि सगळे आघात पिकने खालच्या दिशेने घ्या. हात सेंटिमीटरभर पुढे सरकला की स्वर मरतो, नुसता 'ठक्' उरतो. मागे सरकला की तार मोकळी वाजते आणि पुढची जागा भरून टाकते. बेसही पिकनेच वाजवा, वरच्या पट्ट्यांवर, म्हणजे त्याची चाल गिटारखाली दबणार नाही. आणि रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) बंद ठेवा. त्यांची नक्कल करणारे नव्वद टक्के इथेच घसरतात. दोन आघातांमधली शांतता हाच चौथा वादक आहे, रिव्हर्ब नेमका त्याच्यावर पांघरूण घालतो.

हे तंत्र पंधरा तुकड्यांत संपण्याइतकं छोटं नाही. म्हणून मी कोरी कॅसेट यांच्या बाजूने.

मंद्रसप्तक

तंत्र मान्य. पण ते सभागृहात नेऊन पाहा. ॲलिसन बोलण्याच्या पातळीवर गातात, कंप न देता. असा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचवायला माइकचा गेन (संवेदनशीलता) चढवावा लागतो, गेन चढला की मॉनिटरमधला (गायकासमोरच्या स्पीकरमधला) आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. जोरात गायलं तर शिट्टी जाते, पण गाणंही जातं. ड्रमचा गोंगाट नसल्याने प्रेक्षागृहातली कुजबुजसुद्धा थेट गाण्यात येते. दौरे मोठे होत गेले असते तसा हा पेच वाढलाच असता. त्यात बहुतेक गाणी स्टुअर्ट यांची आणि आवाज दुसऱ्याचा. लिहिणाऱ्याला कधीतरी स्वतः गावंसं वाटणारच.

उलटी बाजू

'भर घातली की दुसराच बँड' हे विधान त्यांच्याच कामाने खोटं ठरतं. अल्बमनंतर त्याच वर्षी 'फायनल डे' हे गाणं आलं. अणुयुद्धाचा शेवटचा दिवस दोन मिनिटांच्या आत, आणि सबंध गाण्यावर एक बारीक उंच स्वर ताणून धरलेला. अल्बमभर जपलेली शांतता इथे मुद्दाम बुजवली, तरीही गाणं शंभर टक्के त्यांचंच आहे. मग १९८१ ची 'टेस्टकार्ड' ही छोटी रेकॉर्ड : गायन काढून टाकलं, नुसती वाद्यं. म्हणजे एकदा भर घातली, एकदा आणखी वगळलं, आणि दोन्ही वेळा जमलं.

फुटल्यानंतरचंही बघा. स्टुअर्ट यांनी 'द गिस्ट' हा बँड काढला. त्यातल्या एका गाण्याला फ्रेंच गायक एतिएन दाओ यांनी फ्रेंच शब्द दिले. ॲलिसन 'वीकेंड' या बँडमध्ये गेल्या आणि १९८२ च्या 'ला व्हारिएते' अल्बममध्ये जॅझकडे वळल्या. दोन्ही वाटा त्या एका बँडच्या पोटात होत्या. 'निर्वाणा'चे गायक कर्ट कोबेन यांच्या आवडत्या अल्बमांच्या यादीत 'कोलोसल यूथ' आहे, 'होल' या अमेरिकन रॉक बँडने १९९४ मध्ये त्यातलं एक गाणं गिटारच्या भिंतीसह वाजवलं आणि तेही उभं राहिलं. चाल पक्की असल्याशिवाय असं होत नाही.

मंद्रसप्तक

'फायनल डे'चा मुद्दा मान्य, मूळ विधानातला 'शक्यच नव्हतं' हा शब्द मागे घेतो. मात्र वीकेंड आणि गिस्ट मला उलटंच सांगतात : दोघांनाही भरीव वाद्यमेळ हवा होता, आणि तो मिळताच ती पोकळी पुन्हा कोणाच्याच कामात दिसली नाही.

कोरी कॅसेट

२००७ नंतरच्या पुनर्मीलनात तालाला तिसरा भाऊ अँड्र्यू बसला, जिवंत माणूस. गाणी कोसळली नाहीत.

मंद्रसप्तक

जुनी गाणी कोसळली नाहीत, बरोबर. पण त्या फेरीतून नवा अल्बम निघाला नाही.