बोअरच्या पाण्यावर फोम गन चालते काय?

वावरातून आलं की गाडीले खालून पूर्ण काळी माती चिकटते, म्हणून नळीले लावाची फोम गन आणली पण फेस पातळच येते, शाम्पू वाढवू काय?

> नको भाऊ, साध्या नळीच्या प्रेशरवर एवढाच येते, दाट पाहिजे तं प्रेशर वॉशर अन् त्याले लावाची फोम कॅनन लागते. पण फेसाचं सोड, आधी नुसत्या पाण्यानं माती काढ, नाही तं तेच कण घासून रंगावर ओरखडे पडते.

>> बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षाराचं हाय ना, फेस कमीच येईन. उन्हात धुवू नको, वाळलं की पांढरे डाग, सावलीत धुऊन मायक्रोफायबरनं लगेच पूस. भांड्याचं लिक्विड तं टाकूच नको, रंगावरचा वॅक्सचा थर उतरते.

> फवारणीच्या पंपानं शाम्पूपाणी मारलं तरी माती भिजते. तणनाशकाचा पंप नको घेऊ फक्त 😄