दगडावर हे काय उगवलंय? ओळखा प्लीज (बजेट १५००)

खाराबाबू_ठाणे:
नमस्कार मंडळी. एकाने टँक मोडला, त्याच्याकडून लाइव्ह रॉक (मेलेल्या प्रवाळाचा, बारीक जीव वस्तीला असलेला समुद्री दगड) घेतला. माझा टँक ८० लिटरचा, आत दोन क्लाउनफिश. तीन आठवड्यांनी दगडाच्या कपारीत तपकिरी काहीतरी उमललंय. अकरा तोंडं, सगळी एका चिवट थरावर जोडलेली. चकती रुपयाच्या नाण्याहून जरा लहान, कडेला आखूड झालर. दिवा मालवला की बटव्याची नाडी ओढावी तशी हळूहळू मिटतात. फोटो जोडलाय. ठेवू की काढू? आई म्हणते उकळतं पाणी ओत, विषय संपला. बजेट १५००, वर एक दमडी नाही.

रीफराजा:
निळ्या दिव्यात फोटो काढलास, त्यात बटाटापण कोरल दिसेल. पांढऱ्या उजेडात काढ. आणि लाइट बदल आधी. मी ४२ हजारांचा घेतला, डोळे दिपतात.

पुणेरी_खारट:
ऐप्टेशिया, टँकभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल. शंभर टक्के. माझ्याकडे एक होतं, सिरिंजने लिंबाचा रस टोचला. ते मेलं, महिन्याभरात सतरा झाली. पेपरमिंट कोळंबी आण, तीच खाते.

गच्चीवरचा_समुद्र:
काका, पोस्ट वाचा ना. ऐप्टेशिया एकेकटं उगवतं, मिशा लांब आणि टोकदार, जरा धक्का लागला की झटकन बिळात. इथे झालर आखूड आणि सगळी एका चटईवर. हे झोअँथिड, प्रवाळांचे मऊ भाऊबंद. बोट फिरवून बघ, खरखरीत लागलं तर त्यांच्यातलाच पॅलिथोआ. तो अंगात वाळू भरून घेतो.

ओहोटीवाली:
बोट अजिबात फिरवू नका!! पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, हाताला बारीक चीर असली तरी पुरे. आणि काकूंना सांगा, उकळतं पाणी नको. उष्णतेने ते विष मरत नाही, उलट वाफेबरोबर घरभर उडतं. मी शहाणपणा करून असाच दगड गरम पाण्यात ब्रशने घासला होता. संध्याकाळी तोंडाला लोखंडासारखी चव, मग हुडहुडी, ताप, दम. दवाखान्यात डेंग्यूची तपासणी झाली, कारण दगडाचं सांगायचं मलाच सुचलं नाही. काढायचंच असेल तर हातमोजे, गॉगल घालून अख्खा दगड बाहेर काढा आणि खिडक्या उघडून ब्लीचच्या पाण्यात बुडवा. घासायचं, फोडायचं नाही. टँकमध्ये कार्बन (पाण्यातलं विष शोषणारा कोळसा) टाका.

रीफराजा:
माझ्याकडे सहा वर्षं झोअँथिड आहेत, उघड्या हाताने कापतो. काही होत नाही.

ओहोटीवाली:
सगळ्याच जातींत विष सारखं नसतं. तुमचं नशीब चांगलं, एवढंच.

नियमावली:
मुळात हे कायदेशीर आहे का? सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

गच्चीवरचा_समुद्र:
झोअँथिड त्या यादीत नाहीत.

नियमावली:
आणि खालचा दगड? तो कशाचा बनलाय?

मालवणी_पाणबुड्या:
आमच्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ या, खरे कोरल बघा. काचेत काय मजा!

ओहोटीवाली:
मुंबईतही आहेत हो. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला झोअँथिडची चटईच दिसते. कोस्टल रोडच्या वेळी, २०२० साली, तिथले आणि वरळीचे प्रवाळ उचलून नेव्ही नगरला नेले, आठवतंय ना?

पुणेरी_खारट:
मी अजूनही म्हणतो ऐप्टेशिया. कोळंबी आण.

खाराबाबू_ठाणे:
पांढऱ्या उजेडात फोटो टाकलाय. चटईत वाळूचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतायत, बोट लावलेलं नाही. म्हणजे पॅलिथोआच. काढा म्हणताय, पण ठेवतोय. मोठा क्लाउन रात्री त्यालाच टेकून झोपतो, आता कसं काढणार? दगड मागच्या कोपऱ्यात सरकवला, कोपरापर्यंतचे हातमोजे, गॉगल आणि कार्बन मिळून ११४० झाले. कोळंबी नाही, लाइट तर नाहीच.

आईला सगळा धागा वाचून दाखवला. ती आता त्या खोलीत पाऊल टाकत नाही. देवघर तिथेच आहे, तेव्हा सकाळची पूजा माझ्या गळ्यात.