केळी वेफर्स: पीएमएफएमई की सीएमईजीपी?

सावदेकर: घरची चार एकर केळी आहे. व्यापारी माल कापताना बारीक, डागी घड मागे टाकून जातो, ते ढोरांपुढे पडतात. त्याचे वेफर्स करायचं मी आणि बायकोनं ठरवलंय. कढई, पॅकिंग मशीन, शेड मिळून 12 लाख. पीएमएफएमई (केंद्राची छोट्या अन्नप्रक्रिया धंद्यांची योजना) घ्यावी की सीएमईजीपी (राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना)? पीएमएफएमईत अनुदान 35 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. मग कर्ज आठेक लाखांचंच घ्यायचं ना? एजंट फाइलचे 15 हजार मागतोय.

कढईवाला, यावल: आधी एजंटला रामराम ठोका. पीएमएफएमईची फाइल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांचं मानधन सरकार देतं. तालुका कृषी कार्यालयात विचारा.

आता तुमचा हिशेब. मीही अस्साच मांडला होता. अनुदान हातात पडत नाही भो! दहा टक्के आपले, बाकी सगळं कर्ज उचलायचं. अनुदान बँकेत तीन वर्षं वेगळं पडून राहतं. खातं थकलं नाही आणि धंदा चालू असला तरच कर्जात वळतं होतं. मी ते जमेत धरलं अन् मोठं पॅकिंग मशीन घेऊन बसलो. मग तेलाच्या डब्यांना पैसे नाहीत. केळी रोखीनं, तेल रोखीनं, सोलणाऱ्या बायांची मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी, आणि दुकानदार देणार महिन्यानं. ऐन श्रावणात, उपवासाच्या गिऱ्हाइकीत, माझी कढई अकरा दिवस गार. मशीन मात्र चकचकीत! सुरुवातीला हातानं दाबायचं सीलर पुरतं. खेळत्या भांडवलाचं कर्ज अर्जातच मागा.

निवृत्त बँकवाला: सीएमईजीपी जिल्हा उद्योग केंद्राकडून होते. ग्रामीण भागात खुल्या गटाला 25 टक्के. महिलांना 35, आणि त्यांचा स्वतःचा हिस्सा 5 टक्केच. वहिनींच्या नावानं बघा. पीएमएफएमईत 35 टक्के सगळ्यांना, कमाल 10 लाख, पण जागेचा खर्च धरत नाहीत आणि बांधकामालाही मर्यादा आहे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) फुकट होते, तिचे पैसे कुणाला देऊ नका.

सावदेकर: बरं झालं विचारलं. मशीन कापतो यादीतून. पण डागी घड चालतील ना?

कढईवाला, यावल: डाग सालीपुरता असेल तर बिनधास्त. पिकायला लागलेलं मात्र घेऊ नका, साखर चढलेली केळी तेलात काळी पडते. ती ढोरांनाच घाला.